हिरव्या पोटाचा मणी

चिठ्ठी: काळा मणी, पांढऱ्या रेघांचा. काच. व्हेनिसचा असावा.

‘असावा’ हा सलिलचा लाडका शब्द. सलिल म्हणजे माझा नवरा. तो जुने मणी जमवतो. पूर्वी जहाजांतून पिंपं भरभरून जे मणी निघायचे आणि ज्यांच्या बदल्यात परक्या किनाऱ्यांवर मिरी, हस्तिदंत, वेळप्रसंगी माणसंसुद्धा घेतली जायची, तसले. लोकांच्या कपाटात जिथे जास्तीच्या चादरी असतात तिथे आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये मखमली ट्रे आहेत. ट्रेमध्ये खळगे, खळग्यात मणी, मण्याखाली चिठ्ठी. घरात चिठ्ठी नसलेली मी एकटीच. असती तर तिच्यावर आलं असतं: ‘जया. भूगोलाची शिक्षिका, निवृत्त. मूळची कोकणातली असावी.’

सलिलची सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका रंगाच्या कारखान्यात गेली. काम शेड जुळवण्याचं. गिऱ्हाइकाने भिंतीचा टवका आणून दिला की तोच रंग डब्यात उतरवायचा. त्यामुळे नुसत्या ‘लाल’ या शब्दावर त्याचा विश्वास नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी लाल साडी नेसून त्याच्यासमोर उभी राहिले. तो बघतच राहिला. मग म्हणाला, “पिवळं जरा कमी हवं होतं.”

गाठ

जुने मणी ओवताना दोन मण्यांच्या मध्ये गाठ मारतात. दोरा तुटलाच तर एकच मणी सांडतो, बाकीचे जागच्या जागी राहतात. सलिल भांडतोसुद्धा असाच. एक मुद्दा सांडला की गाठीपाशी थांबतो आणि चहा मागतो.

चिठ्ठी: लाल मणी, पांढऱ्या पोटाचा. काच. हवे तितके मिळतात.

हे जरा समजावून सांगायला हवं, कारण पुढचं सगळं या पोटामुळे झालं.

हे लाल मणी बाहेरून लाल असतात आणि आतून वेगळे. खंबायतच्या लाल अकीक दगडाची नक्कल म्हणून ते परदेशात काचेचे बनवले गेले. लाल काच महाग, म्हणून आत स्वस्त काच भरून वर लाल थर द्यायचा. आतला रंग फक्त भोकात डोकावलं की दिसतो. त्याला सलिल पोट म्हणतो. पांढऱ्या पोटाचे नंतरचे, ते पोत्याने सापडतात. हिरव्या पोटाचे त्यांच्या आधीचे. ते सलिलला कुठेच सापडत नव्हते.

एक अनिमेषकडे होता.

अनिमेष सलिलचा मित्र. ठाण्याला टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत राहतो. तोही मणी जमवतो, म्हणजे मैत्री किती खरी ते तुम्ही ओळखा. त्याचा हिरव्या पोटाचा मणी एका डबीत कापसावर ठेवलेला असतो. दहीहंडीला नि नवरात्रात नाक्यावरचे स्पीकर सुरू झाले की अनिमेष त्याच डबीतला कापूस काढून कानात घालतो. आवाज त्याला अजिबात सोसत नाही. आम्ही गेलो की डबी उघडायची, सलिलच्या नाकासमोर धरायची आणि म्हणायचं, “बघ हं, पण हात नको लावूस. तुझ्या हाताला घाम फार.”

परतताना सलिल डोंबिवलीपर्यंत तळहात पँटला पुसत असायचा.

गाठ

आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती दौलतची. खाडीकडच्या खारआळीतलं त्याचं घराणं. पूर्वी भातशेती आणि मिठागर, आता तीन टॉवर आणि दारात दोन मोठ्या गाड्या. माणूस मोकळा. दर गणपतीला सगळ्या सोसायटीला दर्शनाला आणि जेवायला बोलावतो, आणि कोण आलं नाही ते वर्षभर लक्षात ठेवतो.

गेल्या वर्षीच्या गणपतीत त्याची आई, मालनआजी, सोफ्यावर मांडी घालून प्रसाद वाटत होती. ऐंशीच्या पुढची बाई, नाकात नथनी, कमरेला पानाची चंची. शेजारी दौलतची सून संचिता, दिवस भरत आलेले, पाठीला दोन उशा. सलिलने प्रसादासाठी हात पुढे केला. मोदक त्याच्या हातात पडला आणि तो मोदकाकडे न बघता म्हातारीच्या मनगटाकडे बघत राहिला.

तिथे काळ्याकुट्ट जाड दोऱ्यात एक लाल मणी होता.

“आजी, हा मणी…”

“हा व्हय? गावचा हाय.”

“जरा बघू?”

“बग की. डोले हायत ना तुना.”

सलिलच्या खिशात रुमाल नसेल, भिंग असतं. त्याने ते काढलं, मोदक माझ्या हातात कोंबला आणि भर गणपतीसमोर तो म्हातारीच्या पुढ्यात गुडघ्यावर बसला. मागच्या रांगेतल्या बायकांना वाटलं, पाया पडतोय. दोघीतिघी त्याच्यामागे पाया पडायला उभ्या राहिल्या.

गाठ

सलिल भिंगातून बघत होता तेव्हा मालनआजी बोलत होती. तिचं बोलणं मी ऐकलं, रांगेने ऐकलं, सलिलने ऐकलं नाही. म्हणून इथे सांगते.

आळीत बाळ जन्मलं की पाचव्या दिवशी हा मणी त्याच्या मनगटाला बांधतात. बाळ कोणाचा हात न धरता चालू लागलं की मणी सुटतो आणि पुढच्या बाळाची वाट बघतो. दोरा कापायचा नाही. तो सैल करून सरकवायचा, आणि विरला तर त्याच्यावरच नवा दोरा गुंडाळायचा. कारण जो दोरा कापेल तो मण्याचा मामा. सख्खा मामा वेगळा, मण्याचा मामा वेगळा. मणी राहणार त्याच्या घरी, पण पाचवीला बांधायला त्याने यायचं, बारशाला यायचं, कान टोचताना बाळाने त्याच्याच मांडीवर रडायचं, चालू लागलं की सोडवायलाही त्यानेच यायचं. एका बाळाचा नाही, आळीतल्या सगळ्या बाळांचा मामा. आणि हे मरेपर्यंत.

शेवटचा दोरा कापला होता आजीच्या भावाने, धाकूने. मिठागरावरचा माणूस. सगळी आळी त्याच्या मांडीवर रडून मोठी झाली. तो गेला आणि त्यानंतर कोणी दोरा कापायला तयार होईना. आताच्या मुलांना रविवारी क्रिकेट असतं. त्यामुळे दोऱ्यावर दोरा, दोऱ्यावर दोरा, हळद, तेल, काजळ, असं करत तो करंगळीएवढा जाड झाला होता. मण्याचं भोक पार बुजलं होतं.

“भोकच दिसत नाहीये,” सलिल पुटपुटला. “पोट कळणार कसं? दोरा कापला असता तर…”

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. आरतीचं तबक घेतलेला माणूससुद्धा थांबला.

मी सलिलची बाही ओढली. “एक मिनिट,” तो म्हणाला.

मालनआजीने मनगटातून मणी सरकवून काढला, चंचीत हात घातला आणि अडकित्ता पुढे केला. “काप.”

“आये,” दौलत म्हणाला, “अगं त्यांना नीट सांग तरी आधी.”

“सांगितला की. मघापासना काय रामायन वाचतंय का मी?”

“अरे, ऐक जरा,” मी म्हटलं.

“एकच मिनिट, जया!”

कट.

दोऱ्याचा खपला गळून पडला. सलिलने मणी ट्यूबलाइटसमोर धरला आणि भोकात बघितलं. मग हळूच म्हणाला, “हिरवं.”

ज्या आवाजात म्हणाला तो आवाज मी लग्नातसुद्धा ऐकला नव्हता.

आणि मग टाळ्या. सगळी खोली टाळ्या वाजवत होती. दौलतने त्याला उचलायचंच बाकी ठेवलं. कोणीतरी बाहेर फटाक्यांची माळ लावली. सलिलला वाटलं, इथल्या लोकांना मण्यांची केवढी जाण!

गाठ

रिक्षात.

“काय दिलदार लोक आहेत गं. मणी देऊनच टाकला.”

“हो.”

“एक पैसा मागितला नाही.”

“नाही.”

“दौलत मला मामा का म्हणत होता?”

मी सगळं सांगितलं. सांगून संपेपर्यंत रिक्षाने घरडा सर्कल ओलांडलं.

“पण मला बहीणच नाही,” तो म्हणाला.

“आता आळीभर आहेत.”

“म्हणजे हा मणी… परत त्या बाळांच्या हातात जाणार? जया, बाळं चावतात!”

रिक्षावाला मागे वळून म्हणाला, “चावतात साहेब. आमच्यावाल्याने तर मोबाइल चावलेला.”

चिठ्ठी: लाल मणी, हिरव्या पोटाचा. काच. व्हेनिसचा असावा. खारआळीत मिळाला.

मधल्या ट्रेचा मधला खळगा त्याने कित्येक वर्षं रिकामा ठेवला होता. तिथे मणी बसला. सलिलने त्याचा फोटो अनिमेषला पाठवला. अनिमेषचं उत्तर आलं: ‘छान. फोटोत हिरवं वाटतंय खरं.’

सलिल दोन दिवस त्या ‘वाटतंय’वर तापलेला होता.

तिसऱ्या आठवड्यात दौलतचा फोन. “मामा! मुलगी झाली. शुक्रवारी पाचवी. येताय ना? तुमच्याशिवाय पान हलणार नाही.”

सलिलने फोन ठेवला आणि खळग्याकडे असं बघितलं, जणू मणी कायमचा सासरी निघाला होता.

गाठ

मणी बांधायला गेला तेव्हा त्याने खास मेण लावलेला दोरा नेला. मण्याच्या दोन्ही बाजूंना अशा गाठी मारल्या की बाळाने काय, बैलाने ओढला तरी सुटू नये. मग आईला सूचना दिल्या. साबण नको. अत्तर नको. उन्हात ठेवायचं नाही.

“बाळाला की मण्याला, मामा?” संचिताने विचारलं.

“दोघांनाही,” सलिल म्हणाला. पण एक क्षण उशीर झाला होता.

संचिताचा सख्खा भाऊ ऑकलंडला असतो. तो व्हिडिओ कॉलवरून मामा झाला होता. “याच्यापेक्षा तुम्ही बरे,” ती म्हणाली. “तुमचा नेटवर्क प्रॉब्लेम नसतो.”

मुलीचं नाव सान्वी ठेवलं. बारशाला सलिल पुढच्या रांगेत होता, नजर पाळण्याबाहेर आलेल्या मुठीवर. त्यानंतर दर रविवारी तो खारआळीत जायला लागला. सान्वीला उचलायचं, मनगट उजेडात धरायचं, भिंग लावायचं, मऊ कुंचल्याने मण्यावरची लाळ टिपायची. चरा नाही ना, टवका नाही ना. आळीतल्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या. मग आपापल्या भावांना फोन लावायच्या: “बग जरा, मामा कसा असतो! आमच्याकडचा हा मामा नखं पन भिंगातून बगतो!”

मला त्या मामी म्हणतात. एवढ्या पुरणपोळ्या मी शाळेच्या सगळ्या निरोपसमारंभांत मिळून खाल्ल्या नव्हत्या.

कान टोचायच्या दिवशी सान्वी त्याच्या मांडीवर होती. सोनाराने पहिला कान टोचला. तिने किंकाळी फोडली आणि सलिलची पँट भिजवली. दुसरा कान टोचला तेव्हा तिने मनगट तोंडात घातलं आणि मण्यावर कचकन चावली. ती रडत होती. सलिलही रडत होता. बायका म्हणाल्या, “माया बघ केवढी!” खरं सांगायचं तर त्याच्या डोळ्यांतलं पाणी मण्यासाठी किती आणि मुलीसाठी किती हे त्या दिवशी मला ठरवता आलं नाही. शेड जुळवणाऱ्यालाही ठरवता आलं नसतं.

गाठ

यंदाच्या श्रावणात अनिमेषने प्रदर्शनाची टूम काढली. ठाण्यात एक छोटा हॉल, सगळ्या जमवणाऱ्यांचे मणी, एक रविवार. “नवरात्र सुरू व्हायच्या आत उरकू,” तो फोनवर म्हणाला. “नंतर आमच्याकडे ऐकू येणं बंद होतं. तुझा तो हिरवा आण. मधल्या टेबलावर माझ्या शेजारी ठेवू. शेजारी ठेवले की लोकांना फरक कळेल.”

“कसला फरक?”

“खऱ्यातला आणि वाटतोय त्यातला.”

सलिलने फोन ठेवला. “मणी मला हवा, जया. त्या एका दिवसापुरता. परत नेऊन बांधतो.”

“मग जा आणि माग.”

तो गेला आणि त्याने मागितला. मालनआजीने पान जुळवता जुळवता मान हलवली. “पोर चाललं का सुटल. त्याचे आधी नाय. धाकूनी कवा मागितला नाय.”

“धाकूमामांचं प्रदर्शन नव्हतं, आजी.”

“तर पोरीला चालव,” आजी म्हणाली. “मामाच हायस ना?”

गाठ

तर त्याने चालवायला घेतलं.

दहा महिन्यांची मुलगी. ती सोफा धरून उभी राहायची, खाली बसायची, हसायची. रविवारचा सलिल शनिवार-रविवारचा झाला, मग बुधवारही आला. तो तिची दोन बोटं धरून दौलतच्या संगमरवरी हॉलमध्ये वाकून फेऱ्या मारायचा. फरशी निसरडी म्हणून त्याने घरून सतरंजी नेली. पाय कसा पडतो ते बघायला तो पोटावर झोपून भिंग लावायचा. “टाच आधी टेकतेय,” मला फोन करून सांगायचा. “चांगलं लक्षण आहे.”

“मामा,” दौलत म्हणाला, “आमची पोरं अशी चालवत नाय कोण. आपली आपण चालतात.”

“कधी?”

“कधी म्हणजे? ट्रेन आहे काय?”

अनिमेष रोज मेसेज करत होता. ‘मधल्या टेबलावर तुझ्या नावाची पाटी छापली.’ ‘येतोय ना तो?’ ‘की फोटोच आणतोस?’

सान्वी मात्र उभी राहायची, बसायची आणि हसायची.

गाठ

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मीही त्याच्याबरोबर गेले. संचिता ऑफिसातून यायची होती. तीही वागळे इस्टेटमध्येच नोकरी करते, शनिवारी अर्धा दिवस, पण वाटेत ट्रॅफिक लागला होता. दौलत साइटवर. मालनआजी सोफ्यावर डोळे मिटून पडली होती. हॉलमध्ये आम्ही दोघं आणि सोफा धरून उभी असलेली सान्वी.

सलिल सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला बसला. थकला होता. गुडघे चोळत होता. त्याने काहीच केलं नाही, फक्त खिशातून भिंग काढून चष्मा पुसतात तसं पुसायला घेतलं. भिंगावर खिडकीतला उजेड चमकला.

सान्वीने सोफा सोडला.

एक पाऊल. थांबली. दुसरं. हात वर, मणी हलतोय. तिसरं, आणि धपकन त्याच्या छातीवर. भिंग तिच्या मुठीत.

मी तोंडावर हात ठेवला. सलिलचा हात तिच्या मनगटावर गेला. त्याच्याच हाताची गाठ. त्याच्याशिवाय ती कोणाला सुटली नसती. त्याने अंगठ्याच्या नखाने दोऱ्याचं टोक उचललं. सान्वी भिंग चाटत होती. त्याने तिच्याकडे बघितलं, मग दाराकडे.

दोऱ्याचं टोक त्याने परत गाठीत सारलं. तिला उचललं, सोफ्यापाशी नेलं, तिचे दोन्ही हात सोफ्यावर ठेवले आणि परत येऊन बसला.

“सलिल,” मी म्हटलं, “चालली ती.”

“चालली नाही. तोल गेला तिचा.”

“तीन पावलं टाकली.”

“तीनदा तोल गेला.”

“अरे पण उद्या…”

“संचिता आली नाही अजून,” तो म्हणाला. आवाज खाली. “पहिलं पाऊल आईने बघायला नको? ट्रॅफिकमध्ये बसून कळणार तिला?” आणि थोड्या वेळाने, सतरंजीची दशी ओढत: “आणि मणी सुटला की मग बुधवारी काय करायचं?”

सोफ्यावरून आजीचा आवाज आला. डोळे मिटलेलेच. “पोर चाललं का रं?”

“नाही, आजी. वेळ आहे अजून.”

“बरं,” आजी म्हणाली आणि कूस बदलली.

चिठ्ठी: लाल मणी, हिरव्या पोटाचा. काच. व्हेनिसचा असावा. सध्या कामावर आहे.

ही चिठ्ठी रविवारी ठाण्याच्या हॉलमधल्या मधल्या टेबलावर होती. तिच्यावर मखमलीचा रिकामा खळगा. शेजारी अनिमेषची डबी, कापूस, कापसावर मणी.

“कामावर?” अनिमेष म्हणाला. “मणी काय नोकरी करतो?”

“हो. फुल टाइम.”

“सलिल, नव्हताच ना? सांग खरं. मित्र आहे मी तुझा.”

“ये की बघायला.”

दिवसभर लोक यायचे, अनिमेषच्या मण्याकडे बघून ‘अच्छा’ म्हणायचे आणि रिकाम्या खळग्यापाशी थांबायचे. एका बाईंनी चोरीला गेला का विचारलं. एका गृहस्थांनी पगार विचारला. सलिल प्रत्येकाला सान्वीचा फोटो दाखवत होता. फोटोत मणी जेमतेम दिसत होता. अर्ध्याहून जास्त जागा गालांनी घेतली होती. संध्याकाळपर्यंत अनिमेषचं तोंड त्याच्या मण्यापेक्षा लाल झालं.

मंगळवारी संचिताचा व्हिडिओ आला. सान्वी सोफा सोडते, दोन पावलं टाकते आणि आईच्या ओढणीवर पडते. खाली लिहिलं होतं: ‘मामा!!! पहिलं पाऊल!!!’

सलिलने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. मग उत्तर टाइप केलं: ‘वा! पहिलंच!’

माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

गाठ

मणी सोडवायला आम्ही पुढच्या रविवारी गेलो. अनिमेषही आला. पोट स्वतः बघितल्याशिवाय त्याला झोप येणार नव्हती.

सलिलने गाठ सोडवली. सान्वीने मनगट वर करून बघितलं आणि रिकामं दिसताच भोकाड पसरलं. मग तिने भिंग मागितलं, सलिलने दिलं. अनिमेषने मणी उजेडात धरला. बराच वेळ धरला. “हिरवं आहे,” तो म्हणाला, डॉक्टर वाईट बातमी सांगतात तशा आवाजात. मण्यावर एक बारीकसा टवका होता, दाताचा. “इथे खराब झालाय पण.”

“तो सान्वीचा,” सलिल म्हणाला. “चिठ्ठीत लिहिणार आहे.”

मालनआजीने अनिमेषला पायापासून वरपर्यंत न्याहाळलं. “ह्यो पन मण्यांचाच का?”

“हो आजी. माझ्यापेक्षा जास्त आहेत त्याच्याकडे.”

“आमच्याकडं निला पन हाय एक,” आजी म्हणाली.

अनिमेषची मान फिरली.

आजीने चंची उलटी केली. सुपाऱ्या, चुन्याची डबी, आणि काळ्या जाड दोऱ्यात एक मोठा मणी. निळा, आत काहीतरी पिवळं चमकलं असं वाटावं असा. अनिमेष सोफ्यासमोर गुडघ्यावर बसला. त्याचं भिंग सलिलच्या भिंगापेक्षा महाग आहे.

“ह्यो लग्नातला,” आजी सांगायला लागली. “हलदीला नवरीचे हातात बांदतात. ज्यानी दोरा कापला त्यानीच बांदाचा. आलीतली एक हलद सोडाची नाय. बेंजोच्या म्होरं बसाचा, सकाल होईपरत. पोरं नाचवतात त्याला, डीजेवर…”

दौलत दारातून म्हणाला, “आये, यंदा अकरा लग्नं आहेत.”

“भोकच दिसत नाहीये,” अनिमेष पुटपुटला.

मी सलिलकडे बघितलं. सलिलने माझ्याकडे बघितलं. मग त्याने मित्राच्या खांद्यावर हात ठेवला, सज्जनपणाने. “अनिमेष, अरे, ऐक जरा आजी काय म्हणतायत.”

“एक मिनिट,” अनिमेष म्हणाला.

सलिलने सोफ्यावर पसरलेल्या सुपाऱ्यांत हात घातला, अडकित्ता शोधून काढला आणि त्याच्या हातात दिला.